रताळ्याच्या नूडल्सचं जापचे: सोप्पंय, फक्त सगळं एकदम कढईत ढकलू नका

सुवॉनची_सून

नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं झाली सुवॉनला येऊन (सोलच्या खाली, मेट्रोने तासभर). इकडे कुणाचा वाढदिवस असो, लग्न असो, छुसॉक (इकडचा सुगीचा सण) असो की नवीन वर्ष, टेबलावर एक पदार्थ ठरलेला असतो तो म्हणजे जापचे. काचेसारख्या पारदर्शक, गोडसर, तिळाच्या तेलाने चकाकणाऱ्या नूडल्स आणि त्यात चार रंगांच्या भाज्या. तिखट अजिबात नाही, त्यामुळे पोरं पण खातात. आणि कोरियन म्हटलं की नुसतं लाल झणझणीत असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा करून बघाच.

मला हे खालच्या मजल्यावरच्या हालमोनीने शिकवलं. हालमोनी म्हणजे आजी. पहिल्यांदा तिच्यासमोर मी आपली हाका नूडल्सची सवय, मोठा गॅस, सगळ्या भाज्या एकदम कढईत, वरून नूडल्स असा बेत केला. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि मग काही न बोलता माझ्या हातातला उलथना काढूनच घेतला :)

तर साहित्य, चार जणांना पोटभर:
दांगम्यॉन (रताळ्याच्या स्टार्चच्या नूडल्स, करड्या रंगाच्या, लांब, वाळलेल्या) २५० ग्रॅम, पालक एक जुडी, गाजर एक, कांदा एक मोठा, सुके शिताके मशरूम पाच-सहा, सिमला मिरची अर्धी, अंडी दोन (हवी तर). सॉससाठी सोया सॉस पाच टेबलस्पून, साखर अडीच, भाजलेल्या तिळाचं तेल अडीच, ठेचलेला लसूण एक छोटा चमचा, मिरपूड, शेवटी भाजलेले तीळ. इकडे बीफच्या पट्ट्या घालतात, आमच्याकडे मशरूमवर भागतं.

मशरूम कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पिळून कापून घ्या. पालक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात, मग घट्ट पिळायचा, अगदी घट्ट, आणि त्याला मीठ आणि तिळाचं तेल चोळून बाजूला. आता एकाच पॅनमध्ये एक एक करून परतायचं आणि क्रम महत्त्वाचा, फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे. आधी अंड्याची पातळ पोळी (गार झाली की गुंडाळून चिरायची), मग कांदा, मग गाजर, सिमला, शेवटी मशरूम थोड्या सोया सॉसमध्ये. असं केलं तर मधे पॅन धुवावा लागत नाही, हेच जर उलट केलं तर कांदा काळपट होतो. प्रत्येकाला आपापलं चिमूटभर मीठ. गाजर कचकचीत हवं, कांदा मऊ हवा, हे एकत्र परतून कधीच जमत नाही, शिवाय पालकाचं पाणी सगळीकडे पसरतं.

नूडल्स भरपूर पाण्यात सहा-सात मिनिटं उकळा, चाळणीत निथळा, गार पाण्याखाली धरा आणि कात्रीने दोन-तीनदा कापा. हो कात्रीने, इकडे प्रत्येक स्वयंपाकघरात कात्री असतेच. मग त्याच पॅनमध्ये सॉस उकळवून त्यात नूडल्स परतायच्या, दोन-तीन मिनिटांत सगळा सॉस पिऊन तपकिरी होतात. गॅस बंद, भाज्या घाला आणि हाताने कालवा (गरम असतं, इकडे प्लास्टिकचे हातमोजे घालून करतात).

आता महत्त्वाचं. कालवून झालं की हालमोनी एक घास उचलून सरळ माझ्या तोंडापाशी आणते आणि म्हणते 'कान ब्वा!' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ही मराठी बोलतेय, कान काय, ब्वा काय. कान म्हणजे पदार्थाचं मीठ-चव आणि ब्वा म्हणजे बघ. तर कान बघा आणि मगच तीळ भुरभुरवा.

मीठ_चवीपुरतं

फोटो कुठाय??? फोटोशिवाय पाकृ म्हणजे आमटीशिवाय भात.

बाकी मस्त लिहिलंयस. पुण्यात हे दांगम्यॉन कुठे मिळेल? आणि सोया सॉस कुठला, आपला चायनीजच्या गाडीवरचा काळा चालेल का?

सुवॉनची_सून

फोटो टाकायला जमत नाहीये, उद्या नवऱ्याला बसवते. नूडल्स ऑनलाइन मिळतात, कोरियन सामान ठेवणाऱ्या दुकानातही. पाकिटावर रताळ्याच्या स्टार्चचं लिहिलंय का बघून घे. तो गाडीवरचा दाट काळा सोया सॉस नको, रंग फार येतो आणि चव जळकट लागते. साधा पातळ घे, कमी घाल, कान बघ, मग वाढव.

अर्धीकच्ची_पोळी

माझी करुण कहाणी ऐका. गेल्या वर्षी व्हिडिओ बघून हेच करायला गेले. दुकानदार म्हणाला मॅडम ग्लास नूडल्स सगळ्या सारख्याच, म्हणून त्याने दिलं ते पांढरं बारीक लोकरीच्या गुंडीसारखं पाकीट आणलं. सात मिनिटं उकळलं. चाळणीत ओतलं तर चाळणीतून अर्धं खाली गेलं आणि वर राहिली ती खळ. अक्षरशः खळ, पतंगाला कागद चिकटवायला वापरतो ती. त्यात सोया सॉस घातला तर रंग असा आला की नवऱ्याने विचारलं हे खायचं आहे की लावायचं आहे. शेवटी मॅगी केली.

सुवॉनची_सून

@अर्धीकच्ची_पोळी 😂😂 ती मुगाची निघाली असणार. चिनी पद्धतीच्या मुगाच्या स्टार्चच्या नूडल्स फार बारीक असतात, त्यांना नुसतं गरम पाण्यात भिजवलं तरी पुरतं. दांगम्यॉन सुतळीएवढं जाड असतं, दातांना रबरी लागतं आणि सहा-सात मिनिटं निवांत सहन करतं. वेळ पाकिटावर बघ आणि एक धागा काढून चावून बघ. मधे पांढरा कणा दिसला तर अजून एक मिनिट.

वऱ्हाडी_ठेचा

धागा वाचला, चांगला आहे. पण मला एक समजून नाही राह्यलं, हे त आपली कुरडईच झाली ना बाप्पा! आमच्या घरी उन्हाळ्यात माय आणि काकू गहू तीन दिवस भिजत घालत, रोज पाणी बदलत, मग वाटून, गाळून, चीक खाली बसू देत, वरचं पाणी ओतून टाकत आणि चीक शिजवून सोऱ्याने गच्चीवर खाटेवर टाकत. राखणीला आम्ही. निम्मा चीक आम्हीच साखर घालून खाऊन टाकत होतो. म्हणजे धान्यातला स्टार्च काढा, शिजवा, धागे पाडा, वाळवा. तुमच्या कोरियन आज्जीनं गव्हाऐवजी रताळं घेतलं, एवढाच फरक.

आणि कुरडई काही फक्त तळायचीच नसते. कुरडईची भाजी खाल्ली का कोणी? कुरडई पाण्यात भिजवा, मऊ पडली की पिळा, तेलात जिरं-मोहरी, कांदा भरपूर, तिखट, दाण्याचं कूट. भिजवायची किती हे हाताला कळते, घड्याळाला नाही. जास्त झाली की वरच्या ताईंसारखी खळ.

सुवॉनची_सून

@वऱ्हाडी_ठेचा अहो अगदी हेच माझ्या आईचं म्हणणं होतं व्हिडिओ कॉलवर! म्हणाली ही भिजवलेली कुरडई आहे, तुला कशाला कोरियाला जायला हवं होतं.

फरक आहे तो करण्यात. रताळ्याच्या स्टार्चचा गोळा सोऱ्यासारख्या भोकातून थेट उकळत्या पाण्यात सोडतात, मग गार करून थंडीत गोठवून ठेवतात आणि मग वाळवतात. ते गारठवणं महत्त्वाचं, त्यानेच धागा घट्ट आणि चिवट होतो, शिजवला तरी तुटत नाही. उरलेलं जापचे फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी पांढरट, कडक, प्लास्टिकच्या दोरीसारखं होतं ना (शिळ्या भाताचं होतं तसंच), ते पण स्टार्च परत घट्ट होण्यामुळे. टाकून देऊ नका! पॅनमध्ये चमचाभर पाणी घालून झाकण ठेवा, पुन्हा पारदर्शक होतं. इकडे मग ते भातावर घालून खातात, त्याला जापचेबाप म्हणतात. बाप म्हणजे भात. कार्ब्सवर कार्ब्स, आपल्या वडापावासारखं.

डब्लिनची_माई

काल केलं. इथे पाकीट सहज मिळालं, भाज्या वेगवेगळ्या परतायला कंटाळा केला नाही (खरंच केला नाही). पण तिळाचं तेल म्हणून भारतातून आणलेलं लाकडी घाण्याचं होतं ते वापरलं. चव ठीक होती पण घरभर असा वास सुटला की लेक वरून ओरडली आई आज दिवाळी आहे का. तेव्हा लक्षात आलं, तो अभ्यंगाचा वास होता. पहिल्या घासाला मला मोती साबणच आठवला. माझं काय चुकलं?

सुवॉनची_सून

माई 😂 तुमचं काही चुकलं नाही, तेल वेगळं. आपलं घाण्याचं तेल बहुतेक न भाजलेल्या तिळाचं, फिकट. इकडचं छामगिरुम आधी तीळ खमंग भाजून मग काढतात, त्यामुळे चहासारखा रंग आणि लाडवासारखा वास. ते बहुतेक फोडणीला वापरत नाहीत, शेवटी घालतात, नाहीतर वास उडून जातो. नसेलच तर साध्या तेलात करा आणि दोन चमचे तीळ गुलाबी भाजून खलबत्त्यात अर्धवट कुटून गरम असतानाच कालवा. अगदी तसंच नाही होत पण दिवाळी तरी होत नाही.

इतिहासाची_खाज

थोडं अवांतर. नूडल्स म्हणजेच जापचे असं आपण धरून चाललोय पण मुळात त्यात नूडल्स नव्हत्याच. जाप म्हणजे मिसळलेलं, छे म्हणजे भाजी. नुसती मिसळ भाजी! जोसन काळात (कोरियाचं जुनं राजघराणं), ग्वांगहेगुन राजाच्या कारकिर्दीत (१६०८ ते १६२३) ई छुंग नावाचा एक अधिकारी राजाला घरून पदार्थ करून पाठवायचा, त्यात हे जापचे होतं. राजा खूश, आणि ई छुंग चढत चढत खजिन्याचा मंत्री झाला. लोकांनी त्याला जापचे-मंत्री म्हणून चिडवलं, ही टिंगल दरबारी नोंदींतही आली आहे. म्हणजे डबा पाठवून प्रमोशन ही कल्पना चारशे वर्षं जुनी निघाली, आमच्या ऑफिसात मला नवीन वाटत होती.

दांगम्यॉनमधलं दांग म्हणजे चीनचं तांग घराणं, अर्थात 'चिनी नूडल्स'. कोरियात याचा कारखाना १९१९ मध्ये सारिवॉन या गावी निघाला, हे गाव आता उत्तर कोरियात आहे. त्यानंतर नूडल्स भाजीत शिरल्या आणि हळूहळू भाज्यांनाच बाजूला सारून मुख्य होऊन बसल्या.

मीठ_चवीपुरतं

@इतिहासाची_खाज भारी माहिती. म्हणजे पाहुणा आला आणि घरमालक झाला.

मला एक वेगळाच प्रश्न पडलाय, हसू नका. नूडल्स रताळ्याच्या आहेत ना. मग उपवासाला चालतील का?

अर्धीकच्ची_पोळी

आला!!! मी वाटच बघत होते हा प्रश्न कधी येतोय.

निष्ठावंत_साबुदाणा

का नाही चालणार? रताळं चालतं, तर त्याचं सत्त्व का नाही? साबुदाणा तरी काय आहे, कंदाचं सत्त्वच आहे, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिकडचाच. हे दोघं चालतात तर रताळ्याने काय पाप केलंय.

डब्लिनची_माई

पण सोया सॉस? ते कडधान्य झालं. आणि त्यात बरेचदा गहू पण असतो. आमच्याकडे तर तीळही चालत नाहीत उपवासाला, पलीकडच्या बिऱ्हाडी चालायचे. हळद आमच्याकडे नाही, कोथिंबीर चालते. मावशीकडे कोथिंबीर नाही, आलं चालतं. दर दहा मैलांवर शास्त्र बदलतं.

सुवॉनची_सून

सोया सॉस नाहीच चालणार, पण मग ते जापचेही राहणार नाही. खिचडीसारखं करून बघा कुणीतरी, तूप, जिरं, मिरची, दाण्याचं कूट. मात्र पाकिटाची मागची बाजू वाचा, काहींत मक्याचा किंवा दुसरा स्टार्च मिसळलेला असतो, मग सासूबाई म्हणतील मका कुठे चालतो.

आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी: बौद्ध मठांतल्या जेवणात पण हे वर्ज्य आहे. पाच उग्र भाज्या बाद असतात, त्यात लसूण, पात असलं सगळं आलं आणि मजा म्हणजे पाचवा आपला हिंग! आपण कांदा-लसूण बंद झाल्यावर ज्याच्या आधाराने जगतो तोच. तिथे मग सगळा भार मशरूमवर, शिताके भिजवलेलं पाणी फेकू नका, सॉसमध्ये दोन चमचे घाला. लसणाची आठवणही येत नाही.

शांत_जैन_किचन

आमच्यात मशरूमही नाही आणि गाजरही नाही. राहिलं काय, पालक आणि सिमला. तरी केलं, कोबी आणि फरसबी उभी चिरून घातली, छान झालं. फक्त एक प्रश्न, माझ्या नूडल्स दहा मिनिटांनी एकमेकींना चिकटून गोळा का होतात?

सुवॉनची_सून

कारण बहुतेक निथळून तशाच ठेवल्या असशील. दोनच रस्ते, एकतर निथळल्या निथळल्या चमचाभर तेल आणि सोया सॉस चोळून ठेव, नाहीतर भाज्या आधी करून ठेव आणि नूडल्स अगदी शेवटी. मी दुसरं करते. गरम असतानाच त्या चव ओढून घेतात, गार झाल्या की सॉस नुसता अंगावरून ओघळतो.

वऱ्हाडी_ठेचा

मी कुरडईचं जापचे केलं. खरंच केलं. कुरडई भिजवून, पालक-गाजर येगळं येगळं परतून, सोया सॉस, साखर, कुटलेले तीळ. बायको म्हणे हे काय करून राह्यले. खाल्ल्यावर काही म्हणाली नाही. कुरडईत आधीच मीठ असते हे मी विसरलो, त्यामुळं खारट झालं. पुढच्या वेळी सॉस निम्मा. तेवढा कान का काय तो आधी बघायला पाहिजे होता.

मीठ_चवीपुरतं

आज आषाढी. रिपोर्ट देते.

२०० ग्रॅम नूडल्स सहा मिनिटं उकळून गार पाण्यात. तूप, जिरं, चार मिरच्या, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, सैंधव, साखर. मग कूट घातलं आणि इथे घोळ झाला, धागे लांब असल्यामुळे कूट सगळं कढईच्या तळाशी बसलं आणि वर नुसत्या चकचकीत दोऱ्या. मग कात्री आणली (कढईतच!) आणि दोन-दोन इंचांवर कापल्या, त्यानंतर कूट नीट लागलं. वर लिंबू. साबुदाण्यासारखं जड नाही वाटलं, पण गरम गरमच खावं लागतं.

सासूबाईंनी आधी पाकीट मागितलं. दोन्ही बाजू बघितल्या, कोरियन अक्षरं चष्मा लावून बघितली जशी काही वाचताच येतात, मग कोपऱ्यात रताळ्याचं चित्र सापडलं. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या 'हं, मग ठीक आहे.' चित्रावर पास झालं. मागच्या बाजूचं स्टिकर मी आधीच वाचलं होतं, मका नव्हता.

निष्ठावंत_साबुदाणा

मला पाकिटाचा फोटो पाठव ताबडतोब, आमच्या घरी पुरावा म्हणून लागेल.

सुवॉनची_सून

@मीठ_चवीपुरतं तुझं वाचून मी पण तसंच केलं आज आणि एक ताटली हालमोनीकडे नेली. शेंगदाण्याचं कूट नूडल्सला, हे तिने आयुष्यात बघितलेलं नाही. खाल्लं, चावत बराच वेळ विचार केला, मग म्हणाली कान बरोबर आहे पण हे जापचे नाही. मग नाव काय असं विचारलं, मला सांगता येईना. उपवास म्हणजे काय ते समजावायला गेले, 'आज आम्ही जेवत नाही' असं माझ्या मोडक्या कोरियनमध्ये म्हटलं, तर ती ताटलीकडे बघायला लागली आणि मग माझ्याकडे. बरोबरच आहे तिचं.

शेवटी उठून कपाटातून छामगिरुमची बाटली काढली, वरून बऱ्यापैकी ओतलं आणि उरलेलं संपवलं. संध्याकाळी ताटली परत आली ती भरूनच, रताळी होती, उकडलेली, अजून गरम.

अर्धीकच्ची_पोळी

ती तरी उपवासाला चालली ना??